चोणक, नग एक

जपानी प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी
मला सांगण्यात आलं, मासा आणा.
अखंड हवा. खवलं न काढलेला.
लाखेच्या डब्यांना काचेची कपाटं होती,
दमटपणा मोजणारं यंत्र होतं, पहारेकरी होता.
माशासाठी माझी पिशवी.

पणजीच्या बाजारात पेर्पेत बसते,
खांबाला पाठ लावून, पाटीवर ओली गोणी.
चोणकाचे कल्ले तिने उचलून दाखवले: लाल.
मग डोळा: विहिरीच्या तळासारखा स्वच्छ.
कापूं? तिने विचारलं.
नको म्हटल्यावर तिची सुरी हवेतच राहिली.

पावती पाहिजे, मी म्हटलं.
ती हसली, शेजारणीला सांगून पुन्हा हसली.
बर्फाच्या पेटीवर वही ठेवून मीच लिहिली:
चोणक, नग एक, दीड किलो, रुपये नऊशे फक्त.
तिने अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर.
रेषा उमटल्याच नाहीत.
चाळीस वर्षांचं मीठ, बर्फ, परांचे काटे.
नुसता एक निळा डाग
आणि त्याच्या कडेला चिकटून आलेलं खवलं.
"रेशनाचें मशीनूय म्हाका वळखना," ती म्हणाली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

काम्पालच्या केंद्रात ताकेमुराबाईंनी
माशाला मिठाने धुतलं, टिपून कोरडं केलं,
पर टाचण्यांनी पसरून ठेवले.
मग शाई, बारीक कुंचल्याने, अंगभर.
मग पातळ कागद, आणि त्यावर बोटांची पेरं,
तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तशी.
कागद उचलला तेव्हा
खवलं न् खवलं त्यात आलं होतं,
गळाने फाटलेला ओठसुद्धा.
फक्त डोळ्याच्या जागी पांढरी चकती.
डोळा छापत नाहीत, दुभाषी मुलगी म्हणाली,
तो शेवटी हाताने काढायचा.
मासा पोटात गेला तरी
तो केवढा होता, यावर मागाहून वाद नको,
म्हणून हा छाप.

बाजार उठल्यावर पेर्पेत आली.
पहारेकऱ्याने अडवलं.
मी म्हटलं, सोड, पुरवठादार आहेत.
डब्या, पंखे, निळी कापडं,
कशापाशीच ती थांबली नाही.
ताकेमुराबाई डोळा रंगवत होत्या,
करडा, जरासा मिटल्यासारखा.
"ना," पेर्पेत म्हणाली.
"हो कालचो दोळो. म्हजें नुस्तें आयचें."
मी ते मराठीत सांगितलं, मुलीने जपानीत,
एवढ्या वाटेत त्यातलं काय सांडलं कुणास ठाऊक.
ताकेमुराबाईंनी कुंचला खाली ठेवला.
तिच्याकडे पाहिलं. वाकून नमस्कार केला.
मग काळ्याचा एकच थेंब,
आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढा कागद
कोराच ठेवला.
पेर्पेत सवयीने वाकली,
कागदाचा वास घेतला.
"आतां जालें."

शाई धुऊन निघाली, मासा कँटीनमध्ये तळला गेला.
सोमवार होता. निम्म्या कचेरीने तोंड फिरवलं,
पण वासाला कोण अडवणार.
ताकेमुराबाईंनी काटे
ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले.

प्रदर्शन उतरलं. डब्या पेट्यांत गेल्या, पेट्या विमानात.
छाप इथेच राहिला, लेखा शाखेबाहेरच्या भिंतीवर,
येणाऱ्याजाणाऱ्याकडे ताज्या नजरेने बघत.
मार्चमध्ये फाइल परत आली:
सदर वस्तूची साठा नोंदवहीत नोंद नाही.
अंगठा अस्पष्ट. खुलासा करावा.

खवलं अजून पावतीवर आहे.
ट्यूबलाइटखाली कागद तिरका धरला की दिसतं.

खुलासा मी दोन ओळींत दिला:
वस्तू ताजी होती.
डोळा बघून घेतली.